नंबर लागेपर्यंत

एसटीच्या जुन्या तिकिटाएवढी कागदाची पट्टी. तिच्यावर नाव, ई-मेलचा पत्ता आणि खाली चार-चारच्या दहा गटांत तोडलेली चाळीस चिन्हं. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही मुळाक्षरं, बाकी काही नाही. एका कागदावर अशा वीस-पंचवीस पट्ट्या छापायच्या, कात्रीने कापायच्या आणि खिशात घालून परिषदेला जायचं. तिथे व्हरांड्यात, चहाच्या रांगेत, जेवणाच्या टेबलाशी जो भेटेल त्याला एक पट्टी द्यायची आणि पासपोर्ट उघडून त्याच्यापुढे धरायचा. तो फोटो बघतो, मग तुमच्याकडे बघतो, मग पुन्हा फोटो. नावाचं स्पेलिंग पट्टीवरच्या स्पेलिंगशी ताडतो. पटलं तर पेनाने खूण करून पट्टी पाकिटात घालतो आणि स्वतःची एक पट्टी तुमच्या हातावर ठेवतो. घरी गेल्यावर ती चाळीस चिन्हं संगणकावरच्या डिजिटल किल्लीशी एकेक करून लावून बघायची, आणि जुळली की ‘ही किल्ली याच माणसाची’ अशी आपल्या किल्लीने सही करून द्यायची.

डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाचं सभासद व्हायचं असेल तर सुरुवात इथून होते. आता अशा दोन सभासदांच्या सह्या लागतात, पूर्वी एक चालायची. हा सगळा सोहळा दहा मिनिटांचा. पुढच्या परीक्षेचे, अहवालाचे, शिफारशीचे खरे कामाचे तास मोजले तर तेही थोड्या दिवसांत मावतील. तरी २००० नंतरची कित्येक वर्षं या दाराशी आलेल्या माणसाला आत जायला वर्ष-दीड वर्ष लागणं ही नित्याची गोष्ट होती, आणि काहींना त्याहूनही जास्त लागलं. तपासायला वेळ लागत नव्हता. नंबर लागायला लागत होता.

डेबियनची घोषणा १६ ऑगस्ट १९९३ ला झाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मरडॉक तेव्हा वीस वर्षांचा होता. मैत्रिणीच्या डेब्रा या नावाला स्वतःचं इयन जोडून त्याने डेबियन केलं. लिनक्सचा गाभा घ्यायचा, त्याभोवती जगभरातले मुक्त प्रोग्रॅम गोळा करायचे, ते एकमेकांशी भांडणार नाहीत असे जुळवायचे आणि कुणालाही फुकट उतरवून घेता येतील असे ठेवायचे, एवढं हे काम. एवढं म्हणजे किती, तर जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार अशी प्रोग्रॅमांची गाठोडी, होती. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांवरून पडतात, कारण मरडॉकनंतर प्रकल्पाची धुरा घेणारे ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होते. मालक नाही, कंपनी नाही. सभासद मतदान करून दरवर्षी नेता निवडतात. पण त्या नेत्यालाही पगार नाही.

सभासदाकडे मात्र एक विलक्षण अधिकार असतो. आपल्या किल्लीने सही करून तो एखादं पॅकेज प्रकल्पाच्या भांडारात चढवू शकतो, आणि तिथून ते वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर उतरतं. पॅकेज बसवताना त्याच्या पोटातल्या स्क्रिप्टा रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हुकमाने चालतात. थोडक्यात, ज्याला आपण सभासद करून घेतो त्याच्या हातात अनोळखी लोकांच्या घरांच्या किल्ल्या देतो. इमारतीला नवा रखवालदार ठेवतानाही आपण चार ठिकाणी चौकशी करतो. तेव्हा दारावर कडक तपासणी हवी, याबद्दल डेबियनमध्ये फारसं दुमत कधी नव्हतं.

सुरुवातीला तीही नव्हती. मरडॉकच्या काळात ई-मेल पाठवून ‘मी हे पॅकेज सांभाळतो’ म्हटलं की माणूस आत. सगळे सगळ्यांना निदान नावाने ओळखायचे. मग गर्दी वाढली. डिसेंबर १९९६ च्या आवृत्तीच्या वेळी सभासद होते १२०, पुढच्या वर्षी २००, आणि जुलै १९९८ मध्ये ४०० च्या वर. दोन वर्षांत तिपटीहून जास्त. नवा अर्ज बघणारी माणसं मात्र तीच, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आलेल्यांपैकी कोणाला प्रकल्पाची तत्त्वं कळली आहेत आणि कोणाला फक्त नावापुढे लावायला प्रकल्पाचा एक ई-मेल पत्ता हवा आहे, हे कळायला मार्ग नाही. शेवटी १९९९ च्या उत्तरार्धात विखर्ट अकरमान नेते असताना डेबियनने नव्या सभासदांना दार बंद केलं. पुढल्या वर्षी ते पुन्हा उघडलं तेव्हा आत जायला एक लांब बोळ बांधलेला होता.

हा बोळ असा. आधी एका जुन्या सभासदाने तुमची शिफारस करायची. मग ‘फ्रंट डेस्क’ नावाचं टेबल तुमचा अर्ज एका ‘ॲप्लिकेशन मॅनेजर’कडे सोपवतं. हा मॅनेजर म्हणजे साहेब नव्हे, तुमच्यासारखाच दिवसा नोकरी करून रात्री डेबियन करणारा कोणीतरी. तो ओळख तपासतो आणि मग ई-मेलवरून तुमची परीक्षा घेतो. आधी तत्त्वं आणि कार्यपद्धती, मग हातचं कसब. एखाद्या पॅकेजमधला दोष किती गंभीर मानायचा, दुसऱ्याच्या पॅकेजला कधी हात लावायचा, गावाला जाताना कोणाला कळवायचं, असे प्रश्न. परवान्यांचा भाग मला सगळ्यात रंगतदार वाटतो. एखादा परवाना खरोखर मुक्त आहे का हे ठरवायला डेबियनवाल्यांनी काही कसोट्या रूढ केल्या आहेत. त्यातली एक निर्जन बेटाची. समजा, जहाज फुटून एक माणूस बेटावर अडकला. त्याच्याजवळ सौरऊर्जेवर चालणारा संगणक आहे, इंटरनेट नाही. तिथे तो प्रोग्रॅममध्ये बदल करून तो सोबतच्या खलाशाला देऊ शकेल का? ‘प्रत्येक बदल मूळ लेखकाला कळवलाच पाहिजे’ अशी अट परवान्यात असेल तर तो बिचारा परवाना मोडल्याशिवाय हे करू शकत नाही. म्हणून तो परवाना नापास. अशा प्रश्नांची उत्तरं उमेदवार पानंच्या पानं लिहितात.

गॅब्रिएला कोलमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी डेबियनच्या माणसांमध्ये राहून त्यांचा अभ्यास केला आणि ‘कोडिंग फ्रीडम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना ही परीक्षा नुसती चाळणी वाटली नाही. लिहिता लिहिता उमेदवार त्या समाजाची नीती आपलीशी करतो, अशा अंगाने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला हे पटतं. मुंजीत बटूला मंत्र सांगतात तो ऐकणाऱ्यांसाठी नसतो. पण मुंज दोन वर्षं चालत नाही.

परीक्षा झाली. मॅनेजरने अहवाल लिहिला. फ्रंट डेस्कने तो वाचून पुढे सरकवला. आता शेवटची पायरी. डेबियन अकाउंट मॅनेजर हा अंतिम मान्यता देणार, मग किल्ली अधिकृत जुडग्यात जाणार आणि खातं उघडणार. या पदाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो डॅम. मराठी माणसाला डॅम म्हटलं की कोयना आठवते, आणि इथे ती आठवण अगदीच चुकीची नाही. वरच्या अंगाने बारा ओढे वाहत येत होते आणि खाली एकच दरवाजा, तोही कधीतरी वर उचलला जाणारा. उमेदवारांची यादी सगळ्यांना दिसेल अशी उघडी असायची. नाव, शिफारस झाली ती तारीख, मॅनेजर मिळाला ती तारीख, परीक्षा संपली ती तारीख, आणि शेवटी डॅमचा रकाना, रिकामा. सकाळी उठून पाहावं तर रिकामा. दिवाळी गेली, होळी आली, रिकामा. ‘तुम्ही नापास’ असं कोणी म्हणत नव्हतं. तसं म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

अशा वेळी माणसाचं पहिलं मन म्हणतं, वर तक्रार करू. पण वर कोण? डिसेंबर १९९८ मध्ये डेबियनने स्वतःची घटना मंजूर केली. तिच्यात सुरुवातीलाच असं कलम आहे की या घटनेमुळे कोणावरही प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन येत नाही. सोपवलेलं काम करायचं नसेल तर माणसाने ते करू नये, फक्त ठरलेल्या नियमांच्या विरुद्ध जाऊ नये. स्वयंसेवकांच्या संघटनेचं सार याहून प्रांजळपणे क्वचितच कोणी लिहून ठेवलं असेल. नेता त्या पदावरच्या माणसाला बदलू शकतो. पण त्याने घेतलेला एखादा निर्णय फिरवू शकत नाही, आणि न घेतलेला निर्णय घ्यायला लावणं तर त्याहून अवघड. बदलायचं म्हटलं तरी दुसरा कोण? हे काम मागणारे थोडे, आणि मागणाऱ्याकडे ते द्यावं का, अशी शंका सगळ्यांनाच.

आमच्या सोसायटीत एका नव्या सदनिकाधारकाच्या सभासदत्वाचा अर्ज असाच पडून होता. समितीची सभा बोलावली की गणपूर्ती होत नसे. झाली की सचिव गावाला. शेवटी त्या गृहस्थांनी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २२ छापून नोटीस बोर्डावर लावलं. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. मानीव सभासद. दुसऱ्या रविवारी सभा झाली आणि गणपूर्तीही झाली. मला अनेकदा वाटलं आहे की डेबियनला असं एखादं कलम २२ का नाही. पण मग रूटच्या हुकमाने चालणाऱ्या त्या स्क्रिप्टा आठवतात. सोसायटीत मानीव सभासद फार तर पार्किंगवरून वाद घालेल.

मार्टिन मिखलमायर हे पुढे डेबियनचे नेते झाले. त्याआधी नव्या सभासदांच्या टेबलाचं काम त्यांनी स्वतः केलं होतं. २००३ मध्ये बेंजामिन माको हिल यांच्यासोबत त्यांनी एक निबंध लिहिला. विषय असा की मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प एकेका व्यक्तीवर किती विसंबून असतात आणि ती व्यक्ती दमली, लग्न झालं, नोकरी बदलली, की गुणवत्तेचं काय होतं. डेबियनच्या बोलीत अशा हरवलेल्या माणसाला ‘एमआयए’ म्हणतात, म्हणजे लढाईत बेपत्ता झालेल्या सैनिकासाठीचाच शब्द. पॅकेजवाला बेपत्ता झाला तर एक पॅकेज कुजतं. दरवाजावरचा माणूस अर्धवट बेपत्ता झाला, म्हणजे आहे, पण इतर दहा महत्त्वाच्या कामांत गुंतलेला आहे, तर अख्खी रांग थिजते. आणि दरवाजावर असतात ती माणसं बहुधा सगळ्यात कामाचीच असतात. त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. तीच माणसं सर्व्हर सांभाळत होती, तीच भांडारात येणारी नवी पॅकेजेस तपासत होती. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यावरच आणखी एक काम टाकायची खोड सगळ्या मंडळांना असते. गणेशोत्सवात वर्गणीचा हिशोब, मंडपाचा परवाना आणि विसर्जनाचा ट्रक एकाच माणसाकडे असतो, आणि तो आजारी पडला की दहाव्या दिवशी सगळे एकमेकांचं तोंड बघतात.

थांबलेल्या माणसाला रोजचा त्रास वेगळा होता. सभासद नसलेल्याने तयार केलेलं पॅकेज एखाद्या सभासदाने, म्हणजे ‘स्पॉन्सर’ने, तपासून आपल्या सहीने चढवायचं अशी पद्धत. एका अक्षराची दुरुस्ती असली तरी स्पॉन्सरला विनवायचं, त्याला फुरसत झाली की तो बघणार. म्हणजे सभासदत्वासाठी एक रांग आणि रांगेत असताना केलेल्या प्रत्येक कामासाठी आणखी एक छोटी रांग. वापरणारे दोषांच्या तक्रारी तुमच्याच नावावर टाकत असतात, आणि दुरुस्ती तयार असून तुम्हाला ती देता येत नाही. लेकाच्या नावावर घर, पण कुलपाची किल्ली काकांकडे.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स-संचाची पहिली आवृत्ती आली. तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ नव्वदीच्या दशकात स्वतः डेबियनचे सभासद होते, आणि उबुंटू डेबियनच्याच पायावर उभी राहिली. तिथे सभासद व्हायचं तर आधी काम दाखवायचं, मग ठरलेल्या वेळी ऑनलाइन सभेला हजर राहायचं. समिती चार प्रश्न विचारणार आणि तिथल्या तिथे मत देणार. डेबियनच्या रांगेतल्या कोणा तरुणाला हे कसं वाटलं असेल, ते सांगायला नको. डेबियनची माणसं केवळ रांगेला कंटाळून तिकडे गेली असं मी म्हणणार नाही. तिकडे पगार होते, सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येत होती, आणि इकडे ‘वुडी’नंतर ‘सार्ज’ यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. पण शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकाला लगेच विचारतात हे दिसल्यावर आपल्या काउंटरवरची शांतता जास्तच ऐकू यायला लागते.

मग दरवाजावरच्या माणसाला पगारच का देऊ नये? हा विचार डेबियनने करून पाहिला, दरवाजासाठी नव्हे, आवृत्ती काढणाऱ्यांसाठी. २००६ च्या सप्टेंबरात तेव्हाचे नेते अँथनी टाउन्स आणि आणखी काही जणांनी ‘डंक-टँक’ नावाचा एक प्रयोग काढला: आवृत्तीचं काम बघणाऱ्या दोघांना एकेक महिना पैसे द्यायचे, म्हणजे डिसेंबरात ‘एच’ वेळेवर येईल. आवृत्ती आली ८ एप्रिल २००७ ला. मधल्या काळात काही स्वयंसेवकांनी हात आखडते घेतले. त्याला पैसे आणि मला नाही, मग मी रात्री जागू कशाला, हा प्रश्न त्यांना पडला. तो क्षुद्र म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या देवळात सगळे सेवेकरी आहेत तिथे एकालाच मानधन सुरू केलं की दुसऱ्या दिवशी झाडू कोण मारणार, हे आपल्याकडच्या कुठल्याही विश्वस्ताला विचारावं.

‘थांबू दे की, त्यानेच कळतं कोण टिकणार’ असं म्हणणारेही डेबियनमध्ये होते, आणि त्यांच्याकडे धाक दाखवायला प्रसंग होते. नोव्हेंबर २००३ मध्ये एका सभासदाचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्यावरून शिरून कोणीतरी प्रकल्पाच्या चार सर्व्हरांवर ताबा मिळवला. सुदैवाने पॅकेजांच्या भांडाराला धक्का लागला नाही. त्याहून दाहक २००८ चा प्रसंग. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजातल्या काही ओळींवर तपासणीचं एक साधन कुरकुर करत होतं, म्हणून २००६ मध्ये त्या ओळी रद्द करण्यात आल्या. त्या ओळींतूनच किल्ली बनवताना लागणारा यदृच्छेचा माल येत होता. परिणाम असा, की त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं डेबियनवर बनलेल्या किल्ल्या एका ठरावीक आकारासाठी बत्तीस हजारांच्या आसपास शक्यतांपैकीच एक असायच्या. एका दुपारात सगळ्या वापरून बघता येतील इतक्या. १३ मे २००८ ला ही गोष्ट जाहीर झाली आणि जगभरच्या व्यवस्थापकांनी ती रात्र किल्ल्या बदलण्यात काढली.

पण हा बदल करणारा माणूस रीतसर सभासद होता, अनुभवी होता. २००३ मध्ये चोरी झाली तीही सभासदाच्याच पासवर्डची. दारावरच्या रांगेने यातलं काय अडवलं असतं? रांग लांबली म्हणून परीक्षेचा एकही प्रश्न वाढत नव्हता. डॅमचा रकाना नऊ महिने रिकामा होता तेव्हा त्या नऊ महिन्यांत उमेदवाराची पारख चालू नव्हती, त्याचा कागद फक्त पडलेला होता. जुन्या सरकारी कचेऱ्यांत फाइल दाबून ठेवली की ती ‘विचाराधीन’ असते, तसा हा विचार. यातून कोण गाळला जायचा? ज्याला दुसरं काही करण्यासारखं होतं तो. उरायचा तो चिवट. चिवट माणूस भला असतोच असं नाही. हे वाक्य पुढे कामाला येईल.

सुटका शेवटी दार रुंद करून झाली नाही, मध्ये एक ओटी बांधून झाली. २००७ च्या उन्हाळ्यात सभासदांनी मतदान करून ‘डेबियन मेंटेनर’ नावाची नवी पायरी मान्य केली. अख्ख्या भांडाराची किल्ली द्यायची नाही, पण ज्या पॅकेजवर या माणसाचं काम आधीच पाहिलेलं आहे तेवढं त्याला स्वतः चढवू द्यायचं. विश्वास एकदम हजार रुपयांचा नको, आधी दहाचा. इतकी साधी गोष्ट सुचायला चौदा वर्षं का लागली, असं वाटतं खरं. पण संस्थांना ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोनच जागा सुचतात. उंबरठ्यावर माणूस बसू शकतो हे फार उशिरा लक्षात येतं.

दुसरा बदल २०१० चा, आणि त्यात आपला संबंध येतो. १४ फेब्रुवारी २००९ ला आलेल्या ‘लेनी’ या आवृत्तीत डेबियन बसवण्याचा कार्यक्रम ज्या पाच नव्या भाषांत आला, त्यात अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी आणि सर्बियन यांच्याबरोबर मराठी होती. संगणक पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा, अजून त्याच्यावर काहीही नसताना, तो मराठीत विचारतो : कीबोर्ड कुठला, डिस्कची विभागणी कशी करू, मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड काय ठेवू. देवनागरीतली जोडाक्षरं साध्या मजकुराच्या पडद्यावर धड उमटत नाहीत, म्हणून त्यासाठी चित्ररूप पडदाच लागतो. मी तो एका जुन्या यंत्रावर चालवून पाहिला तेव्हा ‘विभाजन’ या शब्दापाशी थोडा थबकलो; सवय नव्हती. मग वाटलं, कोणीतरी बसून या शेकडो ओळी एकेक करून लावल्या आहेत, ‘पार्टिशन’ला काय म्हणावं यावर कोणाशी तरी वाद घातला आहे. हे काम करणाऱ्याला डेबियनचं सभासद व्हायचं असतं तर? त्या वेळच्या रिवाजाने त्याला पॅकेज बांधायची परीक्षा द्यावी लागली असती. अनुवाद करणारे, दस्तऐवज लिहिणारे, परिषदा भरवणारे यांना मताचा हक्क हवा तर आधी प्रोग्रॅमर व्हा. ऑक्टोबर २०१० च्या ठरावाने हे बदललं. पॅकेज न बांधणाऱ्यांनाही पूर्ण सभासद करून घ्यायचं, मताचा हक्क द्यायचा, भांडाराची किल्ली तेवढी नाही. किल्ली आणि मान या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे त्या दिवशी लेखी ठरलं. निम्मी रांग या दोन गोष्टींची गाठ बसल्यामुळे होती, असं माझं मत.

मार्च २०२४ मध्ये मला हे सगळं पुन्हा उलगडून बघावं लागलं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. आपल्या यंत्रावर डेबियनची ताजी, अजून कच्ची आवृत्ती चालवून ते काही मोजमाप करत होते. दुसऱ्या यंत्रातून लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण पापणी लववतो तेवढ्यात संपतो. त्यांनी धागा ओढला आणि २९ मार्चला जाहीर केलं की एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साध्यासुध्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवलेला आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचला नव्हता, चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता.

तो बसवला कसा, ही खरी गोष्ट. एक्सझेड वर्षानुवर्षं लासे कोलिन हे एकटे, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ नावाने एक मदतनीस आला. चांगले बदल पाठवायचा, नम्र बोलायचा, घाई करायचा नाही. मग २०२२ मध्ये दुसरीच काही नावं उगवली आणि कुरकुर करू लागली : बदल मंजूर व्हायला इतका वेळ का लागतो, प्रकल्प मेला का, नव्या माणसाला का घेत नाही. त्यातलं एक नाव जिगर कुमार असं चक्क आपल्याकडचं वाटावं असं होतं. ही नावं त्याआधी कुठे नव्हती आणि नंतरही दिसली नाहीत. आपली तब्येत बरी नसते, हे काम फुकटचं आहे, असं कोलिन यांनी लिहून सांगितलं. कुरकुर थांबली नाही. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीतून चोरदरवाजा बाहेर पडला. ती आवृत्ती लवकर घ्या म्हणून डेबियनकडेही एका अशाच अनोळखी नावाने तगादा लावला होता.

हे वाचून डेबियनचे जुने कडवे म्हणाले असतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? पण मला यात दोन्ही बाजूंचा पराभव दिसतो. मंजुरीला उशीर होतो ही तक्रार खरी असते; म्हणूनच ती खोटी करून कोणाच्या डोक्यात घालता येते. दमलेल्या एकट्या माणसाला अपराधी वाटायला लावणं हेच हत्यार. आणि थांबण्याच्या कसोटीवर पाहिलं तर जिया टॅन पहिल्या नंबराने पास झाला असता. दोन वर्षांहून जास्त थांबला तो, एकदाही चिडला नाही. प्रामाणिक पोराला परीक्षा असतात, घरी बोलणी खावी लागतात, त्याला नोकरी लागते. तो आठव्या महिन्यात निघून जातो. ज्याचा थांबणं हाच धंदा आहे तो निघून जात नाही. शिवाय त्याला पट्टी आणि पासपोर्ट घेऊन कोणापुढे उभं राहावं लागलं नाही, कारण एक्सझेडच्या दारावर ती रीतच नव्हती. खोटा पासपोर्ट करता येतो, मान्य. पण व्हरांड्यात चहा पिता पिता एक चेहरा लागतो.

डेबियनच्या रांगेचं आज बरंच बरं आहे. डॅमच्या पदावर एकाऐवजी अनेक जण आहेत, अर्ज कुठे अडला ते संकेतस्थळावर दिसतं, मधल्या पायऱ्या आहेत. नवी पॅकेजेस तपासणाऱ्या टेबलाशी मात्र अजून गर्दी असते. ते दुसरं धरण, त्याची कथा वेगळी.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद पहिल्यांदा भारतात भरली, कोचीला. पहिली परिषद २००० मध्ये फ्रान्सात बोर्दोला झाली होती. मधल्या तेवीस वर्षांत पुण्या-नागपुरातल्या उमेदवाराला अडचण परवान्यांच्या प्रश्नांची नसायची. ती उत्तरं रात्री बसून लिहिता येतात. अडचण असायची ती सही देणारा सभासद गाठण्याची. युरोपात तो दोन स्टेशनांवर राहतो; आपल्याकडे तो दुसऱ्या राज्यात, आणि महिनाभर दौऱ्यावर. कोचीला ते सगळे आठवडाभर एका छताखाली होते. कापलेल्या पट्ट्या, उघडे पासपोर्ट, फोटोकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने बघणारे डोळे. आणि आपल्याकडची एक खास अडचण, जी कुठल्याही परीक्षेत विचारलेली नसते. दक्षिणेतल्या कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. वडिलांचं नाव पुढे, स्वतःचं मागे, किंवा सगळं एकाच ओळीत. पट्टीवर मात्र नाव दोन शब्दांत. जर्मनीहून आलेला सभासद पेन हातात धरून त्या रिकाम्या रकान्याकडे बघतो आणि विचारतो, हे राहून गेलंय का? मग उमेदवार त्याला आजोबांपासून सांगायला सुरुवात करतो, आणि मागे चहाची रांग वाढत जाते.